परवानगीमागची अट

शास्त्रपाठ : गणना 27:1–11 आणि 36:1–12

या तिमाहीचा पाठ मुलींच्या खेळाविषयी आहे. सलाफहादाच्या मुलींचा खेळाशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. पण आधी दोन्ही उतारे वाचून घ्या.

महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी. बाप वारला होता, भाऊ नव्हता आणि रीतीप्रमाणे मुलींना वतन नव्हते. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि आपला वाटा मागितला. त्यांचे म्हणणे रास्त ठरले. पुष्कळ उपदेश इथेच थांबतात. पण 36 व्या अध्यायात कुळातले वडीलधारे पुढे येतात आणि एक अट लागते : लग्न आपल्याच वंशात करायचे. जमीन वंशाबाहेर जाऊ नये, हे त्या अटीचे कारण होते. ते मी नाकारत नाही. मला दाखवायचा आहे तो क्रम. आधी नकार, मग मागणी, मग होकार आणि होकाराच्या पाठोपाठ अट.

खेळांच्या इतिहासात हाच क्रम दिसतो. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकही स्त्री नव्हती. या आधुनिक खेळांचे जनक कुबेर्तां यांचा स्त्रियांच्या सहभागालाच विरोध होता. 1928 साली अ‍ॅमस्टरडॅमला स्त्रिया प्रथमच धावण्याच्या शर्यतींत उतरल्या. 800 मीटरची अंतिम शर्यत जर्मनीच्या लीना राड्के यांनी जागतिक विक्रमासह जिंकली आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कोसळल्याच्या बातम्या छापल्या. त्यानंतर ही शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली, ती 1960 पर्यंत. स्त्रियांची मॅरेथॉन तर 1984 साली आली. लांब धावले तर बाईच्या शरीराला अपाय होतो, असे सांगितले जाई. डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईच्या शरीराची अशी काळजी कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

2024 साली पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांना प्रथमच समान जागा दिल्या गेल्या. म्हणजे होकार पूर्ण झाला. आता अटीकडे वळू, कारण आपले काम तिथे आहे.

आपल्या पाड्यांवर मुलीला ‘खेळू नकोस’ असे सहसा कुणी म्हणत नाही. ‘खेळ, पण पाणी भरून झाल्यावर’ असे म्हणतात. पाणी भरले की भाकरी, भाकरी झाली की धाकटे भावंड, आणि तोवर अंधार पडतो. ज्या वसतिगृहांत माझे जाणे होते, त्यांतल्या एकात संध्याकाळी पाच ते सहा हा खेळाचा तास पाटीवर लिहिलेला होता. त्या तासाला मुलगे व्हॉलीबॉल खेळत आणि मुली ओसरीवर तांदूळ निवडत बसत. नियम कुणी केला होता, तर कुणीच नाही. स्वयंपाकीणबाईंना मदत लागते आणि मुलींना निवडायची सवय असते, एवढेच. सहावीतल्या मुली ओसरीवरून मैदानाकडे बघतात. नववीतल्या बघत नाहीत. मला त्या न बघण्याची जास्त काळजी वाटते.

वेळ मिळाला तर काय होते, हे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दाखवले आहे. आदिवासी कुटुंबातली ही मुलगी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. या स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, 2012 साली अर्जुन पुरस्कार, 2016 साली रिओची मॅरेथॉन. लोक कौतुकाने ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात. पण पाड्यापाड्यांवर अशा किती जणी हंडा खाली ठेवायच्या आतच मोठ्या होऊन जातात, ते कुठे नोंदले जात नाही.

झारखंडचे उदाहरण आणखी जवळचे आहे. सिमडेगा आणि खुंटी भागांत हॉकी मिशनच्या शाळांमधून रुजली. तिथे गावच्या सामन्यांत जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड देतात. (चषकापेक्षा हे केव्हाही बरे, निदान रात्री सगळ्यांचे जेवण होते.) मुलीही लहानपणापासून त्या मैदानावर असतात. खुंटीच्या निक्की प्रधान आणि सिमडेग्याच्या सलीमा टेटे टोकियोत चौथ्या आलेल्या भारतीय संघात होत्या. पुढे सलीमा देशाच्या कर्णधार झाल्या. तिथे मुलीचे खेळणे गावाच्या दिवसात धरलेले असते, कामे उरकल्यावर उरलेल्या वेळात नव्हे.

म्हणून मदत पाठवताना चेंडू आणि जाळ्याबरोबर आणखी काही विचारा. तिथे नळ ओसरीपर्यंत आला आहे का? मुलींच्या मापाचे बूट आहेत का? पाळीच्या दिवसांत लागणारे सामान आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का? तांदूळ कोण निवडते? वर सांगितलेल्या वसतिगृहात आता एक दिवसाआड मुलगे निवडतात. पहिले काही दिवस भातात खडे लागले, पण कुणी उपाशी राहिले नाही.

हा पाठ गटात घेताना आपल्या मंडळीच्या वार्षिक क्रीडादिनाची यादीही समोर ठेवा. पुरुषांसाठी काय आहे आणि स्त्रियांसाठी लिंबू-चमचा व संगीतखुर्चीखेरीज काय आहे, ते मोठ्याने वाचा.