नाव आणि गुण

विजेच्या मोटारी करणारे कारखानदार आपल्या उंची गाड्यांस निराळे नाव का देतात, याचा आपण थोडा विचार करू. चीनमधील बीवायडी कंपनी १९९५ साली शेंझेन येथे विद्युत्घट करण्याकरिता निघाली. पुढे ती मोटारी करू लागली. स्वस्त गाड्यांमुळे ख्याती पावलेल्या नावाखाली दहा लक्ष युआनांहून अधिक किमतीची गाडी कोण घेणार? म्हणून तिने २०२३ साली ‘यांगवांग’ हे नवे नाव पुढे आणिले. जपानी टोयोटा कंपनीने १९८९ साली ‘लेक्सस’ काढून हीच वाट धरिली होती. परंतु नुसत्या नावाने किंमत येत नाही. यांगवांगच्या पहिल्या गाडीस चार चाकांकरिता चार स्वतंत्र विद्युद्यंत्रे बसविली आहेत. विद्यार्थिमित्रहो, शाळेचे नाव आपणांस जगाच्या दारापर्यंत नेईल. आत टिकण्याचा गुण मात्र आपणच कमाविला पाहिजे.