इंटरव्ह्यूपर्यंत पोचलीस, हे विसरू नकोस

सोनू,

अर्जालाच नकार आला असता तर तू एवढी कोसळली नसतीस. तेव्हा माणूस म्हणतो, त्यांनी मला पाहिलंच कुठे? इथे मात्र त्यांनी तुला बोलावलं, तुझ्याशी बोलले, हसून निरोप दिला आणि मग नाही म्हणाले. म्हणून हे जिव्हारी लागतं. आधी चार दिवस रडून घे, झोप काढ, काकूच्या हातचं गरम जेव. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं कुणी म्हणालं तर त्यावर उत्तर द्यायची तुला काही गरज नाही. त्यानंतर मात्र शांतपणे बसून हे वाच.

या नकाराचा अर्थ नीट समजून घे. अमेरिकेतल्या कितीतरी पीए (फिजिशियन असिस्टंट) प्रोग्रॅमना हजाराच्या वर अर्ज येतात आणि वर्गात जागा असतात चाळीस-पन्नास. एवढ्या ढिगातून त्यांनी तुझा अर्ज बाजूला काढला. म्हणजे तुझे मार्क, विज्ञानाचे विषय, पेशंटबरोबर काढलेले तास, शिफारसपत्रं, निबंध या सगळ्यांवर कुणीतरी होकाराची खूण केली होती. काही शाळा इंटरव्ह्यूनंतर सगळी फाइल पुन्हा एकत्र तोलतात. त्यामुळे जीपीए काठावर असेल तर तो तिथे आड येऊ शकतो, हे खरं आहे. पण एकापेक्षा जास्त शाळांनी बोलावलं आणि कुणीच घेतलं नाही, तर आधी पाहायचं ते त्या खोलीतल्या तुझ्या बोलण्याकडे.

नकार आला की पहिला विचार येतो तो आणखी तास करण्याचा. आणखी एक नोकरी, आणखी शॅडोइंग, आणखी एक कोर्स. ते मोजता येतं, आणि मोजता येतं त्याने मनाला धीर येतो. पण एक उदाहरण चुकलं म्हणून आपण सगळी वही पुन्हा लिहीत बसत नाही. नोकरी चालू ठेव, तास वाढतीलच. तुझी खरी मेहनत मात्र दुसरीकडे लागायला हवी.

आज संध्याकाळी एक काम कर. प्रत्येक इंटरव्ह्यू आठवून कागदावर उतरव. काय विचारलं, तू काय बोललीस, कुठे अडखळलीस, समोरच्याचा चेहरा कुठे उजळला, कुठे त्याने घड्याळ पाहिलं. महिन्याभरात हे सगळं पुसट होईल. मग प्रत्येक शाळेला चार ओळींचा नम्र ईमेल पाठव, की पुन्हा अर्ज करायचा आहे, कुठे सुधारणा हवी ते सांगाल का? कितीतरी शाळा काहीच सांगत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण जी सांगते तिची एक ओळसुद्धा फार उपयोगाची असते. त्याच वेळी पुन्हा अर्ज करण्याचे त्यांचे नियमही विचार, कारण काही शाळा किती वेळा अर्ज करता येईल यावर मर्यादा घालतात. आणि आलेलं पत्र नीट वाच. ते वेटलिस्टचं असेल तर आशा सोडू नकोस. एकाच मुलाच्या हातात दोन-तीन शाळांच्या जागा असतात, त्या तो सोडत जातो, आणि काही ठिकाणी ही यादी वर्ग सुरू होईपर्यंत हलत राहते.

आता मनातलं सांगते. मी जिथे शिकले तिथे माजी विद्यार्थी म्हणून इंटरव्ह्यू घ्यायला बसते. आपल्या घरांतली मुलं समोर येतात तेव्हा दोन गोष्टी मला हमखास दिसतात.

पहिली म्हणजे ‘आम्ही’. आम्ही पेशंटची काळजी घेतली, आमच्या टीमने असं केलं. स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय आणि ते संस्कार चांगलेच आहेत. पण समोर बसलेल्या माणसाला वर्गात टीम घ्यायची नसते, तुला घ्यायचं असतं. तू स्वतः काय पाहिलंस, काय ठरवलंस, कुणाला जाऊन सांगितलंस, हे त्याला कळायला हवं. ते सांगणं म्हणजे बढाई नाही.

दुसरी म्हणजे पाठांतर. वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण घोकावं तशी तयार उत्तरं येतात. वाक्यं सुरेख असतात, पण ऐकणाऱ्याला त्यात माणूस सापडत नाही. मधेच वेगळा प्रश्न आला की सगळं विस्कटतं. आणि एमएमआय प्रकारच्या इंटरव्ह्यूत तर प्रश्न वेगळाच येणार. दारावर लावलेला प्रसंग वाचायचा, आत जाऊन काही मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढची खोली. सहकाऱ्याने खोटी नोंद केली तर काय कराल, पेशंटने उपचार नाकारले तर काय कराल? तिथे घोकलेलं कामाला येत नाही. तिथे ते पाहतात की तू आधी दोन्ही बाजू ऐकतेस का, पेशंटची सुरक्षितता पहिली धरतेस का, आणि आपल्या अधिकाराबाहेरची गोष्ट वरिष्ठांकडे नेतेस का.

तुला आठवतं, तू मला नर्सिंग होममधल्या एका आजोबांबद्दल सांगितलं होतंस? रोज दोनदा चहा मागणारा माणूस, त्या दिवशी कपाला हातच लावला नाही आणि तुला वेगळ्याच नावाने हाक मारायला लागला. ताप नव्हता, आकडे ठीक होते. तरी तू नर्सकडे गेलीस आणि म्हणालीस, हे रोजचे आजोबा नाहीत. मग तपासण्या झाल्या आणि इन्फेक्शन सापडलं. म्हाताऱ्या माणसांत इन्फेक्शन कित्येकदा तापाआधी गोंधळलेल्या बोलण्यातून दिसतं. तुला ते तेव्हा पुस्तकातून माहीत नव्हतं, तू माणूस पाहिला होतास. हे तू इंटरव्ह्यूत सांगितलंस का? नाही ना! तिथे तू म्हणालीस की सीएनए (नर्सिंग असिस्टंट) म्हणून मला पेशंट-केंद्रित सेवेचा अनुभव मिळाला. सोनू, त्या वाक्यात तू कुठे आहेस? पेशंटचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळ, पण ती गोष्ट सांग. मला फोनवर सांगतेस तशीच सांग.

आता काका जेवताना विचारतात तो प्रश्न. पीएच व्हायचं तर डॉक्टर का नाही? माझ्याही घरी हा प्रश्न होता, आणि इंटरव्ह्यूतही तो वेगवेगळ्या रूपांत येतोच. ‘शिक्षण लवकर संपतं, कर्ज कमी होतं’ हे खरं असलं तरी एवढ्यावर थांबू नकोस. त्यातून तुला काय टाळायचंय ते कळतं, काय करायचंय ते कळत नाही. या पेशाचा उगम वाच. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. डॉक्टर कमी पडत होते, आणि या माणसांच्या हातात प्रत्यक्ष अनुभव होता. त्यांतले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी पदवीधर झाले. म्हणजे पेशंटजवळ राहून शिकलेल्याला पुढचं शिक्षण देऊन जबाबदारी सोपवायची, हा या पेशाचा पायाच आहे. त्या आजोबांजवळ तू जे शिकलीस ते याच परंपरेत बसतं. पीए पेशंट तपासतो, निदान करतो, औषधं लिहितो, शस्त्रक्रियेत हात देतो, आणि डॉक्टरबरोबर टीममध्ये काम करतो. आज हाडांच्या विभागात असलेला पीए नव्याने रेसिडेन्सी न करता उद्या हृदयरोग विभागात जाऊ शकतो. यातलं तुला नेमकं काय हवंय? ते काकांना मराठीत, त्यांच्या डोळ्यांत पाहून सांग. त्यांना पटलं तर इंटरव्ह्यूचं निम्मं काम झालं. नाही पटलं तर ते जे उलट प्रश्न विचारतील त्यांवर विचार कर, कारण त्यांच्याइतकं खोदून तुला दुसरं कुणी विचारणार नाही.

पेशात सध्या काय चाललंय तेही माहीत असू दे. २०२१ मध्ये पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नवं नाव स्वीकारलं. त्यावर तुझं काय मत आहे, असं कुणी विचारलं तर गप्प बसू नकोस.

आता अर्जाचं. कॅस्पाचं, म्हणजे पीए शाळांच्या सामाईक ऑनलाइन अर्जाचं, नवं चक्र एप्रिलच्या शेवटी उघडतं. जुन्या अर्जातली विषयांची आणि अनुभवाची माहिती पुढे नेता येते, पण शिफारसपत्रं आणि निबंध नव्याने द्यावे लागतात. म्हणून पत्र देणाऱ्यांना आत्ताच कळव. गेल्या वर्षात ज्यांनी तुझं काम जवळून पाहिलं अशा एखाद्या पीएचं पत्र मिळालं तर फार चांगलं. निबंध कोऱ्या पानावर सुरू कर. पाच हजार अक्षरांची मर्यादा आहे, त्यात एकच प्रसंग नीट फुलव. पुन्हा अर्ज करताना काय सुधारलं, असं पुष्कळ शाळा वेगळं विचारतात. तिथे रडगाणं नको आणि शाळेला दोषही नको. काय उणं होतं, त्यासाठी काय केलं आणि त्यातून काय बदललं, एवढंच सरळ लिही.

पुष्कळ शाळा आलेले अर्ज क्रमाने पाहत जातात आणि जागा भरत जातात. त्यामुळे शेवटच्या तारखेला पाठवलेला अर्ज तारखेत असला तरी उशिराचा ठरतो. मार्कांची पडताळणी व्हायलाही काही आठवडे जाऊ शकतात, ते धरून चाल. अ‍ॅनाटमी, मायक्रोबायॉलॉजीसारखे विषय ठरावीक वर्षांनंतर काही शाळा मानत नाहीत, तेही तपासून घे. शाळांची यादी नव्याने कर. प्रत्येकीचं ध्येय वाच. जिला खेडोपाडी काम करणारे पीए घडवायचेत, तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं तुझं स्वप्न सांगून उपयोग नाही. तुला म्हाताऱ्या माणसांत जीव रमवता येतो. वृद्धांच्या आणि प्राथमिक आरोग्यसेवेवर भर देणाऱ्या शाळा शोध.

मंडळाच्या कार्यक्रमात ‘काय ठरलं मग?’ असं कुणी विचारलं तर ‘पुन्हा अर्ज करतेय’ एवढंच म्हण. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि आणखी किती वर्षं, किती पैसे यासाठी द्यायचे, हे आत्ता मन शांत असताना घरच्यांशी बोलून ठरव. पुढच्या नकाराच्या रात्री ते ठरवायला बसू नकोस.

पाडव्यापर्यंत निबंधाचा पहिला मसुदा मला पाठव. मी तो लाल शाईने तपासेन, आणि कुठेही ‘आम्ही’ दिसलं तर परत पाठवेन. दर रविवारी फोनवर एक प्रसंग मी देईन, तुला विचार करायला दोन मिनिटं, मग बोलायचं. शेवटी तू काय बोललीस ते तूच मला परत सांगायचंस. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, पण कर. या पेशाला तुझ्यासारखी, चहाचा कप भरलेला राहिला हे पाहणारी माणसं हवीत. पुढच्या खेपेस समोर बसलेल्यांना हे तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. त्यासाठी लागेल तेवढा वेळ मी तुला देईन.

तुझी,
ताई