नवा लॅपटॉप घेण्याआधी

आईबाबांनो, मूल आठवी-नववीत गेलं की घरात नव्या लॅपटॉपची बोलणी सुरू होतात. त्यात आता एक कारण वाढलंय. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. नाव नोंदवलं तर सुरक्षेची अपडेट्स आणखी वर्षभर मिळतात, पण तेवढंच. विंडोज ११ टाकायला जावं, तर २०१७च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना तिथे प्रवेश नाही. म्हणजे हौसेनं घेतलेला, अजून धडधाकट असलेला घरचा संगणक बसल्या जागी म्हातारा ठरला.

आपल्या पनवेलमध्ये घराचा हप्ता, क्लासची फी आणि लोकलचा पास यांतून महिनाअखेरीस काय उरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून नवा हप्ता डोक्यावर घेण्याआधी लिनक्स मिंट वापरून पाहा. २००६पासून मिळणारी ही प्रणाली फुकट आहे, आणि तीही राजरोस. एरवी आपण मुलांना कॉपी करू नये म्हणून बजावतो आणि त्यांच्याच देखत ‘चारपाचशेत सगळं टाकून द्या’ म्हणत क्रॅक केलेलं विंडोज घेऊन घरी येतो. मुलं बोलत नाहीत, पण बघत असतात.

मिंटला २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर उत्तम. डावीकडे खाली मेन्यू, उजवीकडे घड्याळ; विंडोजची सवय असलेला माणूस दहा मिनिटांत रुळतो. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस सोबतच येतात. खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, तेव्हा हे काही फक्त इंजिनियर लोकांचं काम नाही.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. मिंटच्या संकेतस्थळावरची फाइल पेनड्राइव्हवर चढवायची आणि संगणक सुरू होताना एफ१२ दाबायचं (काही यंत्रांत एस्केप किंवा एफ९). मिंट थेट पेनड्राइव्हवरून उघडतं, हार्डडिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर चालतोय का, ते तपासा. पटलं तरच इन्स्टॉलचं बटण दाबा. त्यात एक पडदा येतो, ‘इरेझ डिस्क’ लिहिलेला. तिथे थांबा! त्या एका टिचकीनं बारशापासूनचे फोटो जातील. सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा, मगच पुढे जा.

अडचणीही सांगतो. एमएस-सीआयटी विंडोज आणि एमएस ऑफिसवर बेतलेली आहे. शाळेने पाठवलेल्या वर्ड फाइलची मांडणी कधी थोडी हलते. काही ऑनलाइन खेळ चालतच नाहीत; दहावीच्या वर्षात त्याचं दुःख मानू नका. घरात कुणाला ऑफिसचं खास सॉफ्टवेअर लागत असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात.

पण मुलाला झेपेल का, हा तुमचा खरा प्रश्न. २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांची रॅम अवघी २५६ एमबी, आत लिनक्स, आणि पडदा विंडोजपेक्षा अगदीच निराळा. ज्या मुलांनी आधी संगणक पाहिलाही नव्हता, ती त्यावर शिकू लागली. केरळच्या सरकारी शाळांत तर अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर कित्येक वर्षं संगणक शिकवला जातोय. सवय मोडायची भीती आपल्याला वाटते, मुलांना मोडायला अजून सवयच नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की दुकानदाराकडून तयार करून आणू नका. एखाद्या रविवारी मुलाला शेजारी घेऊन बसा आणि माऊस त्याच्या हातात द्या. धाकट्यासाठी खेळांतून शिकवणारं जीकॉम्प्रि आहे, थोरल्यासाठी ग्रहतारे दाखवणारं स्टेलॅरियम. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत, तेही फुकट. मुलानं सेटिंग बिघडवलं तर ओरडू नका. टाइमशिफ्ट नावाची सोय आधी चालू करून ठेवा, म्हणजे प्रणाली पुन्हा पहिल्यासारखी करता येते. महागाच्या लॅपटॉपला हात लावायला मुलं बिचकतात, आणि आपणही ‘हे दाबू नको, ते उघडू नको’ म्हणत मागे उभे राहतो. या जुन्या यंत्रावर त्याला मनसोक्त दाबू द्या, उघडू द्या. आणि काही अडलं तर त्यालाच विचारा, ‘हे कसं करायचं रे?’ शिकवण्याचा मान मिळाला की मूल दुप्पट शिकतं.