वेबसाइटच्या पत्त्यात स्लॅशच्या पुढे काय टाकायचं?



व्हिडिओत हा भाग जरा घाईत झाला, म्हणून इथे निवांत लिहितो. वेबसाइटचे पत्ते मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिलेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच घ्या.

दुकानाच्या कार्डावर व्हॉट्सअ‍ॅपची लिंक छापली असेल, तर आजचा विषय तुम्ही आधीपासूनच वापरताय. डब्ल्यूए.एमई/९१ आणि त्याला जोडून तुमचा दहा अंकी नंबर. प्लस नाही, सुरुवातीचा शून्य नाही, मध्ये डॅश नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपने प्रत्येक दुकानदारासाठी वेगळं पान बनवून ठेवलंय का? नाही. प्रोग्राम एकच. तो स्लॅशच्या पुढचं वाचतो आणि त्या नंबरचं चॅट उघडून देतो. पत्त्यातल्या अशा तुकड्याला पाथ सेगमेंट म्हणतात, आणि त्यातून आत जाणाऱ्या माहितीला पॅरामीटर.

त्याच लिंकच्या शेवटी ?टेक्स्ट= लावून तयार मेसेजही देता येतो. मेसेज काढला तरी तुमचंच चॅट उघडतं. नंबर काढला तर बोलायचं कोणाशी हेच कळत नाही. म्हणून माझा साधा नियम: ज्याच्याशिवाय काम अडतं ते स्लॅशमध्ये, आवडीनिवडीचं ते प्रश्नचिन्हानंतर.

माझं दुकान तांदळाचं. गोंदियात दुसरं काय असणार! वेबसाइटवर /तांदूळ/चिन्नोर, /तांदूळ/एचएमटी, /तांदूळ/जय-श्रीराम असे पत्ते आहेत, पण पान एकच. डेव्हलपर कोडमध्ये /तांदूळ/:प्रकार असं लिहितो (एक्सप्रेसमध्ये कोलन, लाराव्हेलमध्ये महिरपी कंस). कोलनच्या पुढचं म्हणजे रिकामी जागा. तिथे जे येईल ते डेटाबेसमध्ये शोधायचं, सापडलं तर दाखवायचं, नाही तर सरळ ४०४. नवीन वाण आला की डेटाबेसमध्ये एक ओळ वाढवायची, नवीन पान बनवायचे पैसे लागत नाहीत. आणि दहा किलोची पोतीच बघायची असतील तर ?वजन=१०.

पत्त्यात मराठी अक्षरं चालतात का, हे बरेच जण विचारतात. चालतात. मराठी विकिपीडियावर /विकी/ च्या पुढे थेट ‘गोंदिया’ असं देवनागरीत असतं. पण ती लिंक कॉपी करून बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असं रूप होतं. ‘गोंदिया’मध्ये काना, मात्रा, अनुस्वार धरून सात चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरांची माळ. पिशवीवर छापायला हे नको. रेल्वेकडून शिका: आपल्या जंक्शनचा कोड फक्त ‘जी’. इंग्रजी स्पेलिंग कोणी कसंही करो, कोड तोच राहतो.

मी हे उशिरा शिकलो. पिशव्यांवर क्यूआर स्टिकर लावले आणि नंतर वेबसाइट नवीन करताना सगळे पत्ते बदलून टाकले. जुन्या पिशव्या स्कॅन केल्या की ४०४. शेवटी जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं ३०१ रीडायरेक्ट लावलं. तेवढे चार दिवस गेले.

पण खरा फटका वेगळाच होता.

बिलाची लिंक मी ग्राहकांना मोबाइलवर पाठवायचो: /बिल/११८. आमगावच्या एका ग्राहकाने गंमत म्हणून ११८ चं ११९ केलं. उघडलं! दुसऱ्या बाईंचं नाव, माल आणि खाली बाकी रक्कम. त्याने मलाच फोन करून सांगितलं, पण तोवर त्याच्या घरात सगळ्यांनी बघितलं होतं, आणि त्या बाई त्यांच्या ओळखीच्या निघाल्या. मी स्वतः त्या काकूंकडे जाऊन झालेलं सांगितलं. त्यांनी चहा दिला, उधारी त्याच दिवशी चुकती केली, आणि त्यानंतर दुकानात आल्या नाहीत.

चूक डेव्हलपरची म्हणून मोकळं होता येतं. पण ‘बिल नंबर टाक, सोपं पडेल’ असं मीच सांगितलं होतं. पत्त्यातली जागा कोणीही बोटाने बदलू शकतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आता बिलाच्या लिंकमध्ये ओळीने येणारा नंबर नाही, लांबलचक आडवातिडवा कोड आहे. अंदाजाने तो लागत नाही. पण लिंक पुढे फॉरवर्ड झाली तर कोडही उघडा पडतो. म्हणून बाकी रक्कम दिसण्याआधी ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. लॉगिन-पासवर्ड मी मुद्दाम ठेवला नाही. दहा किलो तांदळासाठी पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?

तुमच्या वेबसाइटवर बिल, ऑर्डर किंवा ग्राहकाचं पान असेल, तर दुकान बंद करायच्या आधी एक करा. स्वतःचीच लिंक उघडा, शेवटचा आकडा एकाने वाढवा आणि एंटर दाबा. दुसऱ्याचं नाव दिसलं, तर आधी ते पान बंद करा आणि मग डेव्हलपरला फोन लावा.