चावडीवरचा प्रश्न

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६
सोबत वाचावे : नीतिसूत्रे १०:४, १३:२३, २३:२१, २ राजे ४:१-७, अनुवाद १५:४-१५



'चावडी' हा शब्द आपणा मराठी भाषिकांना नवा नाही. जेथे पाटील-तलाठी बसत, जेथे सारा भरला जाई आणि गावाचे तंटे तुटत, ती चावडी. अर्थात ती अधिकाराची जागा होय. छत्तीसगडमधील भिलाई, दुर्ग, रायपूर या भागांत मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने रूढ आहे. रोजंदारीचे मजूर सकाळी काम मिळावे म्हणून ज्या चौकात येऊन उभे राहतात, त्या जागेला तेथे चावडी म्हणतात. गवंडी, रंगारी, कुली आणि बांधकामावर ओझी वाहणाऱ्या स्त्रिया, ज्यांना तिकडे 'रेजा' म्हणतात, अशी सर्व माणसे तेथे ठेकेदाराची वाट पाहत असतात. ठेकेदार येतो, हवी तेवढी माणसे निवडतो आणि घेऊन जातो. दहा वाजून गेल्यावर जी उरतात, त्यांचा तो दिवस बहुधा रिकामा जातो.

भिलाईचे नाव पोलादाच्या कारखान्यामुळे देशभर झाले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला कारखान्याची आखीव सेक्टर-वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगाला सुपेला. सुपेला म्हणजे दाट वस्ती, दुकाने, हातगाड्या आणि रविवारचा मोठा बाजार. कारखान्यात कायम नोकरी ज्यांना मिळाली त्यांचे घर उभे राहिले. ज्यांना मिळाली नाही, त्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला चावडी आली.

याच सुपेल्यात एका लहानशा मंडळीने गोरगरिबांसाठी विनामूल्य अभ्यासवर्ग भरविला होता. दारिद्र्याची कारणे, घरखर्चाचा हिशेब, बचत, बाळाचे आजारपण असे विषय होते. पहिला पाठ मजकडे होता. मी नीतिसूत्रे १०:४ हे वचन घेतले आणि सुस्त हात माणसाला कसा दरिद्री करतो, हे मोठ्या तळमळीने समजावून सांगितले. पाठ संपल्यावर एक रेजा उठून उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, आम्ही पहाटे पाचला उठतो, सहाला चावडीवर असतो. आमच्यातली आळशी कोण, तेवढे दाखवा."

मजजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन मी मत्तयाचा विसावा अध्याय पुन्हा उघडला. जे त्या दिवशी शिकलो, तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

१. एका शब्दाचा अर्थ

द्राक्षमळ्याचा धनी बाजारात जातो आणि तेथे उभे असलेले मजूर पाहतो. त्यांच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत 'आर्गोस' हा शब्द आहे. नकारवाचक उपसर्ग आणि 'काम' या अर्थाचा शब्द मिळून तो झाला आहे. म्हणजे 'कामाविना असलेला'. तीताला लिहिलेल्या पत्रात (१:१२) हाच शब्द 'आळशी' या अर्थाने येतो. भाषांतरकाराला येथे निवड करावी लागते. बाजारातले हे लोक आळशी होते की कामाविना होते?

निवड आपल्या मर्जीवर नाही, कारण दृष्टांतच तिचे उत्तर देतो. धनी त्यांना विचारतो की, दिवसभर येथे का उभे आहात? ते सांगतात की, आम्हांला कोणी कामावर लावले नाही (वचन ७). धनी ते उत्तर खरे मानतो. तो उपदेश करीत नाही, त्यांना मळ्यात पाठवितो. या दृष्टांताचा मुख्य विषय देवाची कृपा हा आहे, हे खरेच. परंतु ती कृपा समजावून सांगण्यासाठी प्रभूने चावडीवरची माणसे निवडली आणि त्यांना आळशी ठरविले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

मी सुपेल्यात तोच शब्द चुकीच्या अर्थाने वाचला होता. पोथीत नव्हे, तर माणसांत.

२. शास्त्र एकच कारण सांगत नाही

नीतिसूत्रांचे पुस्तक काळजीपूर्वक वाचा. १०:४ मध्ये दरिद्री माणसासाठी 'राश' हा इब्री शब्द आहे आणि तेथे कारण सुस्त हात हे आहे. १३:२३ मध्ये त्याच शब्दाचे अनेकवचन आहे, परंतु कारण अगदी वेगळे आहे. तेथे गरिबाची जमीन भरपूर अन्न देते, तो कष्टही करतो, पण अन्यायामुळे ते सारे वाहून जाते. २३:२१ मध्ये मद्यपान आणि खादाडपणा ही कारणे सांगितली आहेत.

असे असता एकच वचन उचलून सर्वांना लावणे हा शास्त्राचा गैरवापर होय. व्यसनाने बुडालेल्या घराला व्यसनमुक्तीचा मार्ग दाखवावा. ज्याची मजुरी बुडविली गेली त्याला काटकसर शिकवून काय लाभ? त्याला हजेरीची नोंद स्वतःजवळ कशी ठेवावी, पगारचिठ्ठी कशी वाचावी, भविष्यनिर्वाह निधीत पैसे खरोखर भरले जातात की नाही हे कसे पाहावे, हे शिकविले पाहिजे. दारिद्र्याची जाणीव करून द्यायची म्हणजे गरिबाला 'तू गरीब आहेस' असे सांगणे नव्हे. ते तो जाणतोच. कारण शोधणे हे त्या जाणिवेचे पहिले पाऊल आहे आणि ते शिकविणाऱ्याने आधी टाकावयाचे आहे.

३. घरात काय आहे?

२ राजे ४ मधील विधवेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेणार होता. अलीशा तिला प्रथम विचारतो की, घरात काय आहे? ती आधी 'काही नाही' म्हणते आणि मग तेलाचे भांडे आठवते. पुढे शेजाऱ्यांची रिकामी भांडी, मुलांचे हात, तेलाची विक्री, कर्जफेड आणि उरलेल्यावर निर्वाह असा क्रम आहे. चमत्कार देवाचा होता; पण तो तिच्याच घरातल्या वस्तूपासून सुरू झाला.

अभ्यासवर्गाचा दुसरा दिवस आम्ही याच प्रश्नाने सुरू केला. भाजी विकणाऱ्या एका स्त्रीबरोबर फळ्यावर पुढील हिशेब मांडला. सावकार हजार रुपये लिहून घेतो आणि हातात नऊशे ठेवतो. रोज शंभरप्रमाणे दहा दिवसांत हजार फेडावे लागतात. लगेच पुन्हा कर्ज. वर्षभरात अशा ३६ फेऱ्या झाल्या तर नऊशेच्या भांडवलासाठी ३,६०० रुपये व्याज जाते. याउलट रोज दहा रुपये बाजूला पडले, तर नव्वद दिवसांत नऊशे रुपये स्वतःचे होतात. हे उत्तर तिने स्वतःच काढले. पथविक्रेत्यांना तारणाविना कर्ज देणारी स्वनिधी योजना २०२० साली सुरू झाली आहे, ही माहिती आम्ही त्यानंतर दिली. आधी दिली असती तर ती आणखी एक कर्ज म्हणून ऐकली गेली असती.

४. आपल्याच मंडळ्यांतील दोन उदाहरणे

ही रीत नवी नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. ते वैद्य होते; पण दुष्काळात होरपळणाऱ्या लोकांची पहिली गरज औषध नव्हती, पाणी आणि अन्न होती. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विंधनविहिरींच्या कामाला हात घातला. पुढे आरोग्यसेविका म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रिया घेतल्या. त्यांतील पुष्कळ निरक्षर व दलित होत्या. जुलाब लागलेल्या बाळासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, एवढे साधे ज्ञान आईच्या हाती असले तर बाळाचा जीव वाचू शकतो. १९७९ साली त्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. आजचा छत्तीसगड त्या काळी मध्य प्रांतातच होता. केडगावच्या मुक्ती सदनात अन्नवस्त्राबरोबर शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकविली गेली. मूळ भाषांवरून रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२२ साली, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, पूर्ण झाले आणि १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते छापणारे हात मुक्ती सदनातल्या स्त्रियांचेच होते. भाषांतराच्या मेजावर बसताना मला हे पुष्कळदा आठवते.

५. 'विनामूल्य' कोणासाठी?

आमचा पहिला वर्ग सकाळी होता आणि तो विनामूल्य आहे असे आम्ही अभिमानाने सांगितले होते. परंतु चावडीवरच्या मजुराची सकाळ म्हणजे त्याची मजुरी. ती आमच्या वर्गासाठी बुडाली, तर वर्गाची किंमत त्यानेच मोजली. भाजीवालीला रविवारी बोलावले, तर आठवड्यातली मोठी कमाई गेली. हे त्यांनी सांगेपर्यंत आमच्या ध्यानी आले नाही. मग वर्ग आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी, दिवाबत्तीनंतर, ठेवला. लेकरांना सांभाळण्यास मंडळीतील भगिनी बसल्या. तेव्हा तो खऱ्या अर्थाने विनामूल्य झाला.

६. रिकाम्या हाताने नव्हे

अनुवाद १५ मध्ये दोन विधाने जवळजवळ आहेत. चौथ्या वचनात तुमच्यामध्ये कोणी दरिद्री असू नये अशी देवाची इच्छा दिसते. अकराव्यात दरिद्री देशातून कधी नाहीसे होणार नाहीत, असे वास्तव सांगितले आहे. या दोहोंच्या मध्ये आज्ञा आहे ती हात उघडण्याची. आणि मुक्त होणाऱ्या दासाला काय द्यावे? कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून द्यावे (वचने १३-१४). त्याला केवळ एका जेवणापुरते देऊन चालत नाही. ज्यावर पुढचा संसार उभा राहील असे द्यावयाचे आहे. आपल्या वर्गातून जाणाऱ्याच्या हाती एखादे कौशल्य, कर्जमुक्तीचा एखादा हिशेब, अर्ज कोठे द्यावा याची माहिती आणि गरज पडल्यास सोबत येणारा माणूस असावा.

शेवटी दृष्टांतातल्या धन्याकडे पुन्हा पाहू या. त्याच्याजवळ कारभारी होता (वचन ८). तरी बाजारात तो स्वतः गेला आणि एकदा नव्हे, पाच वेळा गेला. सर्वांत शेवटी, दिवस मावळण्यास एक तास उरला असता गेला, तेव्हा त्याने कारण विचारले आणि ऐकून घेतले. त्या अखेरच्या मजुरालाही त्याने पूर्ण दिनार दिला, कारण त्या घरातली भूक एका तासाची नव्हती.

आपल्या गावीही कोठे ना कोठे मजुरांचा असा नाका असेल. अभ्यासवर्गाचा कार्यक्रम आखण्यापूर्वी एके दिवशी दहानंतर तेथे जा. शिकवू नका, विचारा आणि ऐका.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत गरिबीविषयी बोलताना नीतिसूत्रांतील कोणते वचन वारंवार ऐकू येते आणि कोणते कधीच ऐकू येत नाही?
२. आपल्या विनामूल्य कार्यक्रमाला येण्यासाठी रोजंदारीच्या माणसाला काय गमवावे लागते?
३. आपल्या शेजारच्या गरजू घरात 'तेलाचे भांडे' कोणते आहे आणि आपण त्याला कोणती रिकामी भांडी देऊ शकतो?