आधी पवनी, मग तंजावर

तमिळनाडूची देवळं पाहायला निघालेल्या भंडाऱ्याच्या मंडळींना मी हटकून विचारतो, पवनी पाहिली का? बहुतेकांनी नसते पाहिलेली. मूर्ती पाहत हिंडण्याच्या नादात जे समजत गेलं, ते त्यांच्यासाठी लिहितोय.

१. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं आणि टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याचे कोरीव खांब इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले. त्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत आहेत. महाबलीपुरमची शिल्पं सातव्या-आठव्या शतकातली. म्हणजे वैनगंगेकाठची छिन्नी सात-आठशे वर्षांनी जुनी.

२. पण एवढ्यावर छाती फुगवू नये. तमिळ देशातली आधीची देवळं विटा-लाकडाची होती, ती गेली. म्हणून तर पल्लव राजा महेंद्रवर्मा मंडगपट्टूच्या लेण्यात मिरवून सांगतो की वीट, लाकूड, धातू, चुना न वापरता हे देवालय उभारलं. त्यानंतर पल्लव, चोळ, पांड्य, विजयनगर, नायक अशी कामं चालूच राहिली. पवनीचा स्तूप मात्र ढिगाऱ्याखाली गेला.

३. पवनीच्या एका खांबावर मुचलिंद नाग आहे. झाडाखाली आसन, त्यावर नागाच्या फण्यांचं छत्र, आणि आसनावर कोणीच नाही. बुद्धाला माणसाच्या रूपात कोरण्याची रीत तेव्हा पडली नव्हती. या खांबाचं छायाचित्र महाबलीपुरमला सोबत न्यावं. तिथल्या प्रचंड शिळेच्या मधल्या फटीतून नाग आणि नागीण हात जोडून वर चढताना दिसतात. गाइड तुम्हाला ढोंगी तपस्वी मांजराकडे ओढून नेईल, तेही पाहा, पण आधी नाग.

४. तिकडचा दगड ग्रॅनाइट. त्याच्यात बारीक जाळी काढणं महाकठीण. म्हणून पल्लवांच्या मूर्ती सडसडीत, दागिने मोजके. हेमाडपंती देवळांच्या नक्षीला सरावलेल्या डोळ्यांना हे काम आधी उघडंबोडकं वाटतं. खांदा, कंबर, गुडघा यांच्या वळणाकडे पाहावं, सारी करामत तिथे आहे.

५. भंडारा पितळेचं गाव, त्यामुळे धातूच्या मूर्तींपुढे आपला पाय जास्त वेळ अडतो. आपल्याकडे तांबट पत्रा ठोकून भांडं घडवतो. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलईत आजही आधी मेण आणि राळ यांची मूर्ती करतात. तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर चढवतात, साचा तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून त्या साच्याची दुसरी मूर्ती होत नाही. मूर्ती आतून भरीव असते, वजनाला भारी. चोळांच्या काळात हे काम शिगेला पोचलं. दहाव्या शतकातल्या सेंबियन महादेवी या विधवा राणीने कितीतरी देवळं दगडात बांधून घेतली, आणि नटराजाचं रूप रुळलं ते याच सुमारास. बैठकीच्या बाजूच्या कड्या-भोकं चुकवू नका. दांडे घालून देवाला मिरवणुकीत न्यायची ती सोय.

६. चोळ मूर्ती पाहायची तर तंजावर किंवा चेन्नईच्या संग्रहालयात. देवळात ती रेशमात आणि हारांत बुडालेली असते, चेहरा तेवढा दिसतो. देवळातलं दर्शन निराळं, ते जरूर घ्यावं.

७. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. चालत चालत वाचून होणार नाही, चांगलाच लांब आहे.

८. गावाबाहेरची वीरगळ पाहायला कोणी जात नाही. तमिळ गावांतही वीरांचे असेच दगड असतात, त्यांना नडुकल म्हणतात. पवनीलाच महाक्षत्रप कुमार रुपिअम्माचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकाचा खांब, सापडला. राजवाड्याबाहेरचं शिल्प पाहायचं तर अशा दगडांपाशी थांबावं.

९. आता पवनी तालुक्यातल्या शेतकऱ्यांना एक विनंती. नांगरताना कोरीव दगड लागला तर त्याला ऑइलपेंट किंवा शेंदूर फासू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. हाताने माती झाडा, फोटो काढा आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.