पुडिंगचा डबा आणि शेतकऱ्याचा धीर

आजचे वाचन : याकोब 5:7-9



शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत पिकाची वाट पाहतो, तसे तुम्हीही धीर धरा, असे याकोब सांगतो. आपण नाशिककर इथे जरा अडखळतो. निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्याला डिसेंबरातल्या पावसाबद्दल विचारा, तो हात जोडून "नको रे बाबा" म्हणेल! पण याकोबाच्या देशात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस पेरणीचा आणि मार्च-एप्रिलचा दाणा भरण्याचा. दोन्ही शेतकऱ्याच्या हातात नाहीत.

हा उतारा मी पुष्कळदा वाचलाय. ह्या वर्षी तो स्वयंपाकघरात वाचला.

आमच्या घरी नाताळच्या फराळात करंज्या-शंकरपाळ्या सगळ्यांसारख्याच, पण वाफवलेलं पुडिंग ही आईची खूण. तिची आजी शरणपूरची. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 साली वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती, आता शहराने कधीच पोटात घेतलेली. मिशन बंगल्यातल्या चुलीवरून पुडिंग आमच्याकडे आलं, असं आई सांगे. इंग्लंडात ह्यात गुर्द्याभोवतीची चरबी घालतात, आई लोणी घालायची.

काळ्या मनुका, बेदाणे आणि खजूर मिळून 300 ग्रॅम, संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवायचे. सकाळी 125 ग्रॅम लोणी आणि तेवढाच बारीक चिरलेला गूळ फेसून त्यात दोन अंडी, 100 ग्रॅम पावाचा चुरा, 60 ग्रॅम मैदा, संत्र्याची किसलेली साल, जायफळ, दालचिनी. लोणी लावलेला स्टीलचा डबा पाऊण भरायचा. वर बटर पेपर, मधे एक चुणी घालून, कारण पुडिंग फुगतं. दोऱ्याने घट्ट बांधायचं. पातेल्यात ताटली, तिच्यावर डबा, डब्याच्या अर्ध्यापर्यंत उकळतं पाणी, झाकण, मंद आच, पाच तास. पाणी आटलं की उकळतंच घालायचं. आणि एवढं करून खायचं नाही! फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे मुरवायचं, नाताळच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफवायचं.

आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी हे करायची इंग्लंडात रीत आहे. त्या दिवशीच्या जुन्या अँग्लिकन प्रार्थनेची सुरुवात ज्या शब्दाने होते, त्याचा अर्थ ढवळणे आणि जागे करणे, दोन्ही. म्हणून घरातला प्रत्येक जण पातेल्यात चमचा फिरवतो आणि मनात प्रार्थना करतो.

आमच्याकडे सगळ्यात जोरात चमचा फिरवायचा तो दादा. बाबांच्या घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद झालं, त्याला आता तीन वर्षं होतील. ह्या वेळी सासूबाई, हे, दोन्ही मुलं, सगळ्यांनी ढवळलं. धाकटीने विचारलं, "मामाचा हात राहिला ना?" मी म्हटलं, चल, डबा आण.

डबा गॅसवर चढवला आणि मावशीचा फोन आला. विषय अर्थात दादा. तो कसा वागला, वहिनी काय म्हणाली, आईच्या पाटल्या कुठे गेल्या. तास-सव्वा तास! मधेच लक्षात आलं, पातेल्याचा खदखद आवाज बंद झालाय. मग वास. पाणी पार आटलेलं, ताटली काळी, डब्याचा तळ करपलेला. घाईघाईने उकळतं पाणी घातलं. वरचा भाग वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला बसले, तर सातव्या-आठव्या वचनात धीर, आणि लगेच नवव्यात एकमेकांविरुद्ध कुरकुर करण्याची मनाई. शेतकरी आणि पाऊस सोडून याकोब एकदम घरातल्या तक्रारींवर कसा आला, हे मला आजवर कळत नव्हतं. इथे धीरासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो 'लांब' आणि 'राग' ह्या दोन शब्दांचा मिळून झालाय. म्हणजे राग यायला लांबचा रस्ता लागतो, असा माणूस. पुढे अकराव्या वचनात ईयोबाच्या सोसण्यासाठी शब्द वेगळा आहे. तो संकटाखाली टिकण्याचा. सातव्यातला धीर मुख्यतः माणसांशी धरायचा.

मी तीन वर्षं समजत होते की मी धीर धरलाय. खरं म्हणजे मी दादाने आधी फोन करायची वाट पाहत होते, आणि वाट पाहता पाहता दर आठवड्याला मावशीशी कुरकुर. शेतकरी पावसाची वाट पाहतो, पण त्याने पेरलेलं असतं. मी काय पेरलं होतं?

काल संध्याकाळी दादाला फोन लावला. तीनदा ठेवावासा वाटला. त्याने उचलला. बराच वेळ कोणीच बोलेना. मग मी म्हटलं, "पुडिंग केलंय. नाताळला दुपारी या सगळे." तो म्हणाला, "जायफळ घातलंस?" मी म्हटलं, "घातलं. पण खालून करपलंय." तो म्हणाला, "बघू."

प्रार्थना : प्रभू, त्या 'बघू'वर मला मावशीशी बोलू देऊ नकोस. नाताळला पुडिंग पुन्हा गॅसवर चढेल, तेव्हा पाण्याकडे माझं लक्ष असू दे. दादाला, वहिनीला आणि मुलांना सुखरूप आण. येशूच्या नावाने मागते. आमेन.